तीन अक्षरांचा ताळेबंद

सहा वर्षांपूर्वी कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान दिनानिमित्त माझे भाषण होते. फळ्यावर मी नेहमीची शिडी काढली. दोन उभे धागे, त्यांच्यामध्ये अक्षरांच्या जोड्या, 'ए'समोर 'यू' आणि 'जी'समोर 'सी', आणि जोडीजोडीत दोन किंवा तीन तुटक रेषा. या तुटक रेषा म्हणजे हायड्रोजन बंध, त्यांनीच हे दोन धागे एकमेकांना धरून ठेवले आहेत, असे मी सांगितले. दहा-बारा वर्षे मी हेच सांगत आलो होतो. नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पाणीपण हायड्रोजन बंध करतंय की. आणि ही अक्षरं तर पाण्यातच असतात. मग पाण्याला सोडून ती एकमेकांना कशाला धरतील?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र लक्षात आले की मुलीचा प्रश्न बिनतोड होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नसण्याचेही एवढे वाटले नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडला नाही, याची लाज वाटली.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उमेदीची वर्षे शाहूपुरीत गुळाच्या अडत्यांच्या वह्या लिहिण्यात गेली. जीवरसायनशास्त्र मी शिकलो ते संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरात आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून, तेही उलट्या क्रमाने, म्हणजे आधी उत्क्रांती, मग जनुके आणि सगळ्यात शेवटी रसायन. त्यामुळे पाया कच्चा राहिला. या प्रश्नाने तो पुन्हा घालायला लावला. हिशेबनिसाला एकच रीत ठाऊक असते, ती म्हणजे जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, आणि शिल्लक काय ते पाहायचे. तीच इथे लावली.

आरएनए म्हणजे एक साखळी. साखर आणि फॉस्फेट यांचा कणा, आणि साखरेच्या प्रत्येक रेणूला टांगलेले एक चपटे अक्षर. अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, युरॅसिल अशी चार अक्षरे. त्यांनाच ए, जी, सी, यू म्हणतात. ए आणि जी ही दोन कड्यांची, आकाराने मोठी. सी आणि यू एका कड्याची, लहान. साखळी एकटी असते तेव्हा ही अक्षरे पाण्याने वेढलेली असतात आणि पाण्याशी हायड्रोजन बंध करूनच असतात. दोन साखळ्या जुळतात तेव्हा पाण्याशी असलेले बंध तुटतात आणि तेवढेच बंध आपापसांत होतात. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. शिल्लक जवळजवळ शून्य. त्या मुलीचे म्हणणे खरे होते.

मग जोडी टिकते कशाने? उत्तर शिडीच्या पायऱ्यांमध्ये आडवे शोधून सापडत नाही, ते उभे शोधावे लागते. चपटी अक्षरे एकावर एक बसतात, जशी गल्ल्याजवळ रुपयांच्या नाण्यांची चळत रचतात तशी. दोन चपट्या पृष्ठांमध्ये पाणी शिरत नाही. त्या फटीत अडकलेले पाणी मोकळे होते. पृष्ठे अगदी जवळ, सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉम अंतरावर आली की एकातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने दुसऱ्यातले इलेक्ट्रॉन किंचित सरकतात आणि त्यातून एक क्षीण ओढ तयार होते. शिवाय प्रत्येक अक्षरावर कुठे किंचित धन, कुठे किंचित ऋण असा विद्युतभार विखुरलेला असतो. वरच्याचा धन भाग खालच्याच्या ऋण भागावर आला तर आणखी फायदा. या सगळ्या मिळून झालेल्या ओढीला इंग्रजी पुस्तकांत 'स्टॅकिंग' म्हणतात. मी चळत म्हणतो.

याचा पुरावा एकट्या साखळीतच मिळतो. नुसत्या 'ए' अक्षरांची साखळी पाण्यात सोडली, समोर जोडीदार कुणीही नसला, तरी ती आपण होऊन मळसूत्रासारखी वळते, कारण तिची अक्षरे एकमेकांवर चढून बसतात. नुसत्या 'यू'ची साखळी खोलीच्या तापमानाला सैल दोऱ्यासारखी लोळते. हायड्रोजन बंधांचा इथे संबंधच नाही.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो आकड्यांचा आहे. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात डग्लस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएचे छोटे छोटे तुकडे हळूहळू तापवून, कोणत्या तापमानाला जोडी सुटते ते मोजून, शेजारी-शेजारी बसलेल्या प्रत्येक दोन जोड्यांची किंमत काढली. त्यांचा 1998 चा तक्ता आजही वापरात आहे. एकके किलोकॅलरी प्रति मोल, तापमान 37 अंश सेल्सिअस. उणे आकडा म्हणजे जमेची बाजू. त्यात 'जी'नंतर 'सी' अशा क्रमाची किंमत उणे 3.42 आहे आणि 'सी'नंतर 'जी' अशा क्रमाची उणे 2.36. दोन्हीकडे जोड्या त्याच, हायड्रोजन बंध सहाच्या सहा. फक्त क्रम उलटला आणि एका किलोकॅलरीहून अधिक फरक पडला. बंध मोजून हा फरक कधीच निघाला नसता. कोण कुणावर कसे बसले, यातच तो आहे. डीएनएच्या बाबतीत फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या बोस्टनमधल्या गटाने 2006 साली दोन्ही खाती स्वतंत्र मोजून दाखवली. टिकाऊपणाची बहुतेक सगळी जमा चळतीच्या खात्यावर निघाली. जी-सी जोडणीची जवळजवळ काहीच नाही आणि ए-टी जोडणी तर किंचित तोट्याचीच.

म्हणून हायड्रोजन बंध निरुपयोगी ठरत नाहीत. चुकीचे अक्षर समोर आले तर पाण्याशी असलेला बंध सुटतो आणि बदल्यात काहीच मिळत नाही, निव्वळ तोटा होतो. त्यामुळे कोण कुणासमोर बसणार याचा निवाडा हायड्रोजन बंध करतात आणि बसलेल्यांना धरून ठेवण्याचे काम चळत करते. पाठ्यपुस्तकातल्या शिडीत निवाड्याच्याच रेषा काढलेल्या असतात, धरण्याच्या काढलेल्या नसतात. निदान शिक्षकांनी तरी हे तोंडी सांगावे, असे मला आता वाटते.

०००

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जीवसृष्टीची भाषा तीन अक्षरांच्या शब्दांची आहे. चार अक्षरांतून तीन-तीनचे 64 शब्द होतात. त्यांना कोडॉन म्हणतात. त्यांतले 61 वीस अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि तीन 'थांबा' म्हणतात. शब्द वाचणारा असतो ट्रान्स्फर आरएनए; त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल आणि दुसऱ्या टोकाच्या वळशात कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे, म्हणजे अँटिकोडॉन. सगळे वाचन तीन जोड्यांच्या भरवशावर चालते. मग तीन जोड्यांचा ताळेबंद काय येतो?

टर्नरांच्या तक्त्यात एक मोठी नावेची रक्कम आहे, अधिक 4.09. दोन मोकळ्या साखळ्यांनी पाण्यातले भटकणे सोडून एकत्र येण्याची ही किंमत. दुकान भाड्याने घेताना पागडी द्यावी तशी ती एकदाच द्यावी लागते; पुढे जोड्या कितीही वाढल्या तरी पुन्हा मागितली जात नाही. लांब साखळीला ती जाणवत नाही. तीन अक्षरांच्या साखळीचे मात्र कंबरडे मोडते, कारण तीन जोड्यांत चळतीचे टप्पे दोनच. शिवाय टोकाला ए-यू जोडी असली तर प्रत्येक टोकामागे 0.45 दंड.

जी-सी-सी या कोडॉनसमोर जी-जी-सी ठेवा. दोन टप्पे, उणे 3.42 आणि उणे 3.26, बेरीज उणे 6.68. पागडी वजा जाता शिल्लक उणे 2.59. फायदा आहे, पण बेताचा. दोन्ही तुकडे लिटरला एक मिलिमोल या प्रमाणात, म्हणजे रसायनाच्या मानाने चांगले दाट, घेतले तरी शंभरात सहाच जोडलेले सापडतील. आता यू-यू-यू समोर ए-ए-ए ठेवा. दोन टप्पे मिळून उणे 1.86, पागडी 4.09, दोन टोकांचा दंड 0.90. शिल्लक अधिक 3.13, म्हणजे तोटा. त्याच दाटपणाला दहा लाखांत सहा. (टर्नरांचे आकडे याहून लांब तुकड्यांवर मोजलेले आहेत, तीन अक्षरांपर्यंत ते ताणणे हा अंदाज आहे, पण दोन टोकांमधले दहा हजार पटींचे अंतर अंदाजाने पुसले जाणारे नाही.)

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा माझी खात्री झाली की कुठेतरी गफलत आहे. कारण 1961 साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख माथाय यांनी जनुकीय लिपीतला पहिला शब्द वाचला, तो नेमका यू-यू-यू. नुसत्या 'यू'ची साखळी पेशींच्या रसात टाकली आणि फेनिलअॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची माळ तयार झाली. साऱ्या कोशातला दुबळ्यातला दुबळा शब्द सगळ्यांत आधी वाचला गेला. पुढे 1964 मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी तर साखळीही बाजूला ठेवली. सुटे तीन अक्षरांचे तुकडे, रायबोसोम आणि ट्रान्स्फर आरएनए एकत्र करून मिश्रण गाळणीतून सोडले. योग्य ट्रान्स्फर आरएनए रायबोसोमसह गाळणीवर अडकला, बाकीचे वाहून गेले. हर गोविंद खोराना यांनी विस्कॉन्सिनमध्ये 64 च्या 64 तुकडे रसायनाने घडवले. मुलतान जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या या माणसाला त्यासाठी 1968 चे नोबेल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्याबरोबर मिळाले. तीन अक्षरे पुरतात हे त्यांनी हाताने सिद्ध केले, आणि माझी वही म्हणत होती की पुरत नाहीत.

अर्धे उत्तर रायबोसोममध्ये आहे. व्यंकटरामन रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 2001 मध्ये दाखवले की रायबोसोमची स्वतःची काही अक्षरे उलटी बाहेर येऊन कोडॉन-अँटिकोडॉनच्या पहिल्या दोन जोड्यांच्या खाचेत बोटे घातल्यासारखी चाचपून पाहतात; बरोबर असेल तर पकड घट्ट होते. तिसऱ्या जोडीवर एवढी सक्ती नाही. पण लिपीच्या उगमाचा प्रश्न विचारायचा तर रायबोसोम हाताशी धरता येत नाही. तो स्वतःच पन्नासाहून अधिक प्रथिनांचा आणि हजारो अक्षरांच्या आरएनएचा कारखाना. सुरुवातीला तो नव्हता.

उरलेले अर्धे उत्तर 1971 मध्ये जोसेफ आयसिंगर यांना मिळाले. ज्यांचे अँटिकोडॉन एकमेकांना पूरक आहेत असे दोन ट्रान्स्फर आरएनए नुसत्या पाण्यात ठेवले, तर रायबोसोमशिवायच ते एकमेकांना चिकटतात. पुढे ग्रोजां, सोल आणि क्रॉदर्स यांनी ही पकड तपशिलात मोजली. सुट्या तीन-तीन अक्षरांच्या मानाने ती कित्येक हजार पटींनी घट्ट. जोड्या तीनच, अक्षरेही तीच. फरक कशाचा?

वळशाचा. अँटिकोडॉन सात अक्षरांच्या वळशात बसतो. 33व्या जागेवरच्या 'यू'पाशी साखळी एकदम वळते आणि 34 ते 38 ही पाच अक्षरे आधीच चळत रचून तयार असतात. भटकणे आधीच सोडलेले आहे, म्हणजे पागडीचा मोठा भाग आधीच भरलेला आहे. शिवाय अँटिकोडॉनच्या लगेच पुढे, 37व्या जागेवर, जवळजवळ नेहमी दोन कड्यांचे मोठे अक्षर असते. त्याला समोर जोडीदार नसतो. ते फक्त झाकणासारखे कोडॉनच्या पहिल्या जोडीवर बसते आणि चळतीचा एक टप्पा वाढवते. अशा जोडीदाराविना लोंबणाऱ्या अक्षराची किंमतही टर्नरांच्या मंडळींनी मोजली आहे. योग्य बाजूला लोंबणारे एकटे 'ए' जी-सी जोडीवर बसून कधी कधी दीड किलोकॅलरीहून अधिक जमा करते.

०००

इथे कोल्हापूर येते, आणि मला हे समजायला बराच उशीर झाला. ज्या ग्रंथालयात मी परदेशी जुने खंड चाळत बसत होतो, तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर शिवाजी विद्यापीठात डॉ. कैलास सोनवणे आणि त्यांचे विद्यार्थी याच 34 आणि 37 या दोन जागांवर संगणकाने काम करत होते. या जागांवरची अक्षरे बहुधा साधी नसतात. पेशी त्यांना नंतर वेगवेगळ्या रासायनिक शेपट्या जोडते. ती शेपटी कोणत्या बाजूला वळते, वळशातल्या चळतीला आधार देते की मोडते, हे अणूअणूच्या हालचालीचे गणित करून ते शोधतात. या कामाची आधीची पायरी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, रवींद्र तिवारी यांच्याबरोबर झाली.

37व्या जागेचा नियम पाहिला की कुणाही हिशेबनिसाला हसू येईल. कोडॉनचे पहिले अक्षर 'ए' असेल, म्हणजे पहिली जोडी दुबळी असेल, तर 37व्या अक्षराला साधारणपणे थ्रिओनिनची शेपटी जोडलेली असते. पहिले अक्षर 'यू' असेल, म्हणजे तिथेही दुबळी जोडी, तर आयसोपेंटेनिल नावाची दुसरी शेपटी, किंवा आपल्यासारख्या प्राण्यांच्या फेनिलअॅलनिन-वाहकात चक्क तीन कड्यांचे अगडबंब अक्षर. त्याचे नाव वायब्युटोसिन. सोनवणे यांच्या गटाने 2012 मध्ये याच कुळातल्या हायड्रॉक्सिवायब्युटिनचा अभ्यास केला आहे. आणि पहिले अक्षर 'जी' किंवा 'सी' असेल, म्हणजे जोडी मुळातच भक्कम, तर 37वे अक्षर साधेच किंवा फार तर एखादा मिथिल गट लावलेले. जिथे तूट तिथेच अनुदान. यू-यू-यू हा शब्द दुबळा असून वाचला कसा जातो, याचे उत्तर पुष्कळसे या झाकणात आहे.

34व्या जागेची एक गोष्ट याहून नाट्यमय आहे. ए-यू-जी म्हणजे मेथिओनिन आणि ए-यू-ए म्हणजे आयसोल्युसिन. जिवाणूंत एक ट्रान्स्फर आरएनए असा आहे की त्याच्या जनुकात अँटिकोडॉन सी-ए-यू लिहिलेला आहे. म्हणजे त्याने ए-यू-जी वाचायला हवे. पण पेशी त्या 'सी'ला लायसिन हे अमिनो आम्ल जोडते. तयार होणारे अक्षर लायसिडिन. 1988 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की एवढ्या एका बदलाने तो ए-यू-जी सोडून ए-यू-ए वाचू लागतो आणि त्याच्यावर चढणारे अमिनो आम्लही मेथिओनिनऐवजी आयसोल्युसिन होते. एका शेपटीने शब्द आणि अर्थ दोन्ही बदलले. लायसिडिनच्या जोडीला 37व्या जागेवरची थ्रिओनिनची शेपटी असते. दोघे मिळून ए-यू-ए कसे धरतात, याचे रेणुगतिकीचे गणित सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2015 मध्ये प्रसिद्ध केले.

हे वाचल्यावर मी सगळ्या 64 शब्दांची खतावणी मांडायला घेतली. पहिली दोन अक्षरे सारखी असलेल्या चार शब्दांचे एक घर, अशी सोळा घरे. काही घरे पूर्ण एका अमिनो आम्लाच्या मालकीची, तर काहींत वाटणी झालेली. ज्या घरांत पहिली दोन्ही अक्षरे जी किंवा सी आहेत, ती चार घरे पाहिली. प्रोलिन, आर्जिनिन, अॅलनिन, ग्लायसिन, चारही अखंड. दोन्ही अक्षरे ए किंवा यू असलेली चार घरे पाहिली. चारही वाटलेली. कारण कळण्यासारखे आहे. पहिल्या दोन जोड्या भक्कम असतील तर तिसरे अक्षर कोणतेही असो, शब्द वाचला जातोच, त्यामुळे तिसऱ्या अक्षराने अर्थ बदलण्याची सोयच राहत नाही. पहिल्या दोन दुबळ्या असतील तर तिसऱ्याच्या मदतीशिवाय भागत नाही, आणि ज्याच्यावाचून भागत नाही त्याला मत असते.

उरली आठ मिश्र घरे, एक भक्कम आणि एक दुबळे अक्षर. त्यांत चार अखंड, चार वाटलेली. कोणती अखंड? मधले अक्षर लहान, म्हणजे यू किंवा सी असलेली. समोरच्या अँटिकोडॉनमध्ये तिथे ए किंवा जी येते, दोन कड्यांचे, चळतीत चांगले बसणारे. सोळाच्या सोळा घरांचा ताळा बसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरात एकटाच जागा होतो. आठवडाभरात कळले की सोव्हिएत पदार्थशास्त्रज्ञ यूरी रूमर यांनी ही वाटणी 1966 मध्येच पाहिली होती, लागेरक्विस्ट यांनी 1978 मध्ये तिची सांगड जोड्यांच्या ताकदीशी घातली होती, आणि मधल्या अक्षराचा मुद्दा लेमान आणि लिबशाबर यांनी 2008 मध्ये सविस्तर मांडला होता. स्वतः शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे वारंवार येते. वाईट वाटते, आणि आपण वाट चुकलो नव्हतो म्हणून बरेही वाटते.

सोळांतली आठ घरे निवडण्याचे 12,870 प्रकार आहेत आणि निसर्गात आढळतो तो त्यांतला एक. पण या आकड्यावर मी फारसा भर देत नाही. उत्तर समोर ठेवून मांडलेला हिशेब नेहमी जुळतो. नियम आधी सांगून मग घरे उघडली असती तर गोष्ट वेगळी होती.

०००

याच खतावणीवरून आरंभाचा शब्दकोश कसा असेल, असा प्रश्न पुढे येतो. जपानमधले केंजी इकेहारा यांचे म्हणणे असे की पहिले शब्द जी-कोणतेही-सी या साच्याचे असावेत. जी-जी-सी ग्लायसिन, जी-सी-सी अॅलनिन, जी-ए-सी अॅस्पार्टिक आम्ल, जी-यू-सी व्हॅलिन. मी चौघांचे ताळेबंद मांडले. पहिल्या दोघांचे उणे 2.59, पुढच्या दोघांचे उणे 0.50. पागडी भरूनही चौघे जमेच्या बाजूला राहतात. आणखी एक गंमत म्हणजे जी-जी-सीची पूरक साखळी वाचली तर जी-सी-सी येते, जी-ए-सीची वाचली तर जी-यू-सी. म्हणजे कोणताही धागा वाचा, कोश तोच. आणि अमिनो आम्लेही साधी. 1953 च्या मिलर यांच्या प्रयोगात ग्लायसिन आणि अॅलनिन मिळाली होती, 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत त्या दोघांबरोबर व्हॅलिनही सापडले.

उल्केचा विषय निघाला की कोल्हापूरच्या माणसाला जयंत नारळीकर आठवणारच. त्यांचा जन्म इथला, 1938 चा. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून आली असावीत का, याची तपासणी करण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून 2001 आणि 2005 मध्ये फुगे सोडले गेले, 41 किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले, आणि 2009 मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला फ्रेड हॉईल यांचे नाव दिले. ती बीजे अंतराळातली होती असा दावा त्या नमुन्यांवरून करता येत नाही. आणि आली असली तरी माझा प्रश्न जागा बदलतो, सुटत नाही. लिपी कुठेतरी जुळलीच असणार, आणि तिथेही चळतीचे दर हेच असणार.

साखळ्याच मुळात कुठून आल्या? त्यासाठी दुसरी वही उघडावी लागते. सुटी अक्षरे जोडायची तर प्रत्येक सांध्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो, आणि हे पाण्यातच व्हावे अशी अपेक्षा म्हणजे पावसात कपडे वाळवणे. उपाय एक, वाळवणे आणि भिजवणे, पुन्हा पुन्हा. काहिलीतला रस आटू लागला की रेणू एकमेकांजवळ येतात, हे गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांच्या प्रयोगशाळेत हेच केले जाते. त्यांच्या गटाने 2020 मध्ये चक्रीय न्यूक्लिओटाइडांना वाळवण-भिजवणीच्या फेऱ्या देऊन आरएनएचे छोटे तुकडे मिळवले, आणि तोच प्रयोग गरम झऱ्याच्या नैसर्गिक पाण्यातही करून पाहिला. झऱ्याच्या पाण्यात जोडणीही वाढली आणि तुटणेही वाढले. उत्पन्न जास्त, खर्चही जास्त. हा निकाल मला फार प्रामाणिक वाटतो. अमेरिकेत जेम्स फेरिस यांनी 1996 मध्ये माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पृष्ठावर पन्नासच्या आसपास अक्षरांच्या साखळ्या वाढवल्या होत्या. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, त्या करामती याच जातीच्या खनिजामुळे. आपली काळी माती मात्र जीवाच्या आरंभापुढे अगदी कालची. तिचा बाप असलेला दख्खनचा बेसॉल्टच साडेसहा कोटी वर्षांचा.

अशा डबक्यात छोटे तुकडेच जास्त असणार. म्हणून तीन-चार जोड्यांना काय धरते, या प्रश्नाला एवढे महत्त्व. तुकड्याने वळसा घेतला, चळत आधीच रचून ठेवली आणि शेजारी एखादे मोठे अक्षर लोंबत राहिले, तर तीन जोड्याही टिकू शकतात. मीठही लागते. फॉस्फेटच्या कण्यांवरचा ऋणभार एकमेकांना ढकलत असतो, मॅग्नेशियम तो झाकते. आणि तेच मॅग्नेशियम आरएनए तोडायलाही मदत करते.

आता न जुळलेल्या नोंदी. भक्कम घरांवरची नावे सहसा बदलू नयेत, असे माझी खतावणी सुचवते. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात ए-यू-ए म्हणजे आयसोल्युसिन नसून मेथिओनिन आहे, हे 1979 मध्ये कळले. ते घर दुबळे, म्हणून तिथे मला अडचण नाही. पण कॅंडिडा जातीच्या काही यीस्टमध्ये सी-यू-जी हा शब्द ल्युसिनऐवजी सेरिन म्हणून वाचला जातो. सी-यू हे अखंड घर. तिथे फूट पडायला नको होती. त्या ट्रान्स्फर आरएनएच्या वळशात काय वेगळे आहे, ते मी अजून वाचतो आहे.

त्याहून मोठी नोंद अशी की चळतीच्या हिशेबाने घरांच्या भिंती समजतात, पण कोणत्या घरात कोण राहायला आले हे समजत नाही. जी-जी-सीवर ग्लायसिनच का? फ्रान्सिस क्रिक यांनी 1968 मध्ये लिहिले की ही वाटणी योगायोगाने झाली असावी आणि मग गोठली. नंतर बदलणे म्हणजे सगळी प्रथिने एकदम बिघडवणे. मायकेल येरुस यांना आर्जिनिनला धरणाऱ्या आरएनएमध्ये त्याच्याच कोडॉनची अक्षरे वारंवार सापडली. अमिनो आम्ल आणि शब्द यांची थेट ओळख असावी, असे ते म्हणतात. आर्जिनिनपुरते मला ते पटते. ग्लायसिनसारख्या जवळजवळ चेहराच नसलेल्या लहान रेणूला तीन अक्षरे ओळखतील कशी, हे मला कळत नाही. सध्या माझा कल असा की भिंती रसायनाने उभ्या केल्या आणि भाडेकरू बरेचसे योगायोगाने आले.

गेल्या फेब्रुवारीत त्या शाळेत पुन्हा गेलो होतो. या वेळी शिडी काढली नाही. टेबलावर रुपयाच्या नाण्यांच्या दोन चळती केल्या आणि तिथून सुरुवात केली. ती मुलगी गडहिंग्लजला डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, असे वर्गशिक्षकांनी सांगितले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन फुलस्केप कागदांवर लिहून नेले होते. ते त्यांच्याकडे दिले आहेत; तिचा धाकटा भाऊ आता आठवीत आहे, तो पोहोचवणार आहे.